दोन शर्यतींमधले अकरा महिने: ठाण्यातल्या एमटीबीच्या नोंदी

मी उपवनजवळ राहतो, वय ४३, ऑफिस ऐरोलीला. सायकल सेकंडहँड हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे धक्के खाणारी डोंगरी सायकल (एमटीबी): २९ इंची चाकं, पुढे १०० मिलिमीटरपर्यंत दबून धक्का खाणारा हवेवरचा फोर्क, मागे १२ गिअर. डोंबिवलीच्या एका धिप्पाड गृहस्थांकडून ६८,००० रुपयांना घेतली. ते धिप्पाड होते हे मुद्दाम लिहितोय, पुढे कळेल. लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतीला यूसीआयच्या (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत ६० ते १६० किलोमीटरचं अंतर आहे. आमच्यासारखे बहुतेक जण त्यातल्या खालच्या टोकाला लटकलेले असतात. नोकरी, घर आणि पावसाळा सांभाळून ज्यांना वेळेच्या मर्यादेत शर्यत संपवायची आहे, त्यांच्यासाठी या नोंदी. पहिल्या दहात येणाऱ्यांना यातून काही मिळणार नाही.

१९ जानेवारी २०२५, रविवार

जुन्नरकडची ७० किलोमीटरची शर्यत. ५२व्या किलोमीटरला बाद. तिथे पाच तासांत पोचायचं होतं, मी पाच तास अकरा मिनिटं घेतली. चौकीवरच्या मुलाने नंबराची पाटी काढून घेतली आणि हातात पाण्याची बाटली दिली. तिचं झाकण मला उघडेना. शेवटच्या उतारावर ब्रेक दाबून दाबून बोटं अशी झाली होती की मूठ वळत नव्हती, अंगठा नुसताच झाकणावरून घसरत होता. "काका, द्या इकडे," म्हणत त्यानेच उघडून दिली. त्या 'काका'चं दुःख वेगळंच.

२० जानेवारी

काल सायकली आणि बाद झालेले असे आम्ही एकाच टेम्पोतून परतलो. विचार करायला भरपूर वेळ मिळाला. पहिल्या चढाला हृदयाचे ठोके १७८ वर नेले, कारण पुढचे लोक दिसत होते. साडेतीन तासांत दोन केळी आणि चिक्कीचा एक तुकडा एवढंच खाल्लं, तीही चिक्की दाताला चिकटून बसली. ४० किलोमीटरनंतर मांडीत गोळे आले. आणि हात. पाय थकणार हे गृहीत होतं, हातांचा विचारच केला नव्हता.

पुढची शर्यत डिसेंबरात, त्याच पट्ट्यात. तोवर पाय, पोट आणि हात, तिन्हींवर काम.

२३ फेब्रुवारी

महिना वाया गेला आणि तो मीच घालवला. हरल्याच्या रागात आठवड्याला चार तासांवरून थेट अकरा तासांवर उडी मारली. रोज पहाटे येऊरचा चढ. तिसऱ्या आठवड्यात डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ सुरू झाली. आधी फक्त सायकलवर, मग जिना उतरतानाही. फिजिओथेरपिस्टकडे चार फेऱ्या, ८०० प्रमाणे ३,२०० रुपये. त्यांनी सीटची उंची पाहिली, ती एक सेंटिमीटरने बदलायला लावली आणि म्हणाले, "आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, आणि दर चौथा आठवडा हलका." हे सगळीकडे लिहिलेलं असतं. मीही वाचलं होतं.

तीन आठवडे सायकल बंद.

१६ मार्च

पुन्हा येऊर, आता आठवड्यातून दोनदाच. नवीन माणसासाठी सांगतो: येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. डांबरी रस्त्यावर चढाचा सराव करा, पण आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालू नका. अंधार पडल्यावर तर नाहीच. बिबट्या तिथला रहिवासी, आपण पाहुणे. कच्च्या रस्त्यासाठी मी महिन्यातून दोन रविवार मुरबाडच्या पुढच्या गावांकडे जातो.

सराव साधा ठेवलाय. एक दिवस सलग, एवढ्याच जोरात की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. दुसऱ्या दिवशी चढावर आठ-आठ मिनिटांचे चार तुकडे, तेव्हा 'हो', 'नाही' यापलीकडे बोलता येऊ नये. यंत्रांपेक्षा ही तोंडाची परीक्षा मला भरवशाची वाटते. ठोके मोजणाऱ्या पट्ट्याची बॅटरी संपते, तोंडाची संपत नाही.

आज चढावर चेन दोनदा दातांवरून उडाली. नौपाड्यातल्या मेकॅनिकने मापाची पट्टी घातली, ती सरळ आरपार गेली. "साहेब, ही चेन नाही राहिली, कानस झालीये." बारा गिअरची चेन ०.५ टक्के ताणली की बदलायची, एवढं मला माहीत होतं. माप कधी घातलं नव्हतं, एवढंच. नवी चेन २,४०० रुपयांना टाकली, तर ती जुन्या झिजलेल्या दातांवर बसेना, घसरायला लागली. म्हणून कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातांचा संच) बदलावी लागली, ५,८००. पट्टी तीनशे रुपयांत मिळते, ती तेव्हाच विकत घेतली.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारायच्या आधी दीड तास चालवून आलो. निघताना आणि आल्यावर, घाम पुसून, काट्यावर वजन केलं. मधे ७०० मिली पाणी प्यायलो होतो, तरी १.२ किलो कमी भरलं. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर, तेव्हा दीड तासात १.९ लिटर घाम, तासाला सव्वा लिटरच्या वर. जानेवारीत मी तासाला जेमतेम अर्धा लिटर पीत होतो. जुन्नरच्या थंडीत घाम कमी येतो हे खरं, पण इतका कमी नाही.

तेव्हापासून बाटलीचं माप ठरलंय: ७५० मिली पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू. एवढ्या मिठात सोडियम जवळजवळ ६०० मिलिग्रॅम येतं. घरात मिळणाऱ्या सामानात काम होत असताना पाकिटावर पैसे का घालायचे? ओआरएस जुलाबासाठी आहे. त्यात मीठ पुरेसं असतं, पण लिटरला ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम. शर्यतीत तासाला ५०-६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं, ते त्यातून येत नाही.

पुरणपोळ्या चार. त्या कशातही मोजल्या नाहीत.

४ मे

मागच्या टायरची हवा रोज उतरतेय. उघडून पाहिलं तर ट्यूबलेसचं सीलंट (भोकं बुजवणारा आतला द्रव) आटून दुधावरच्या वाळक्या सायीसारखं टायरला चिकटलं होतं. ठाण्याच्या उन्हाळ्यात ते दोन-अडीच महिन्यांत संपतं. ते सहा महिने टिकतं ही बात इथे धरू नका. नवी बाटली ७५०.

२६ मे

मुंबईत मान्सून आजच जाहीर झाला. माझं सगळं वेळापत्रक १० जून धरून आखलेलं. मेचे शेवटचे दोन आठवडे मुरबाडकडे लांब फेऱ्या मारायच्या होत्या, त्यांचा चिखल झाला.

८ जून

हट्टाने गेलो. ४५ किलोमीटर, लाल-काळा चिखल, सतत पाऊस. ३० किलोमीटरनंतर मागचा ब्रेक पार हँडलपर्यंत दाबला जाऊ लागला, मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. घरी येऊन पॅड काढले तर मसाल्याचं नावही उरलं नव्हतं, पत्रा डिस्कवर घासत होता. दोन महिन्यांपूर्वीच घातलेले ६५० रुपयांचे रेझिन पॅड. कोरड्यात ते मऊ आणि शांत चालतात, पण चिखलातली बारीक वाळू त्यांना पॉलिश पेपरसारखी खाते. आता सिंटर्ड, म्हणजे धातूचे टाकलेत, ९५० ला जोडी, दोन जोड्या. ओरडतात, पण टिकतात. डिस्क वाचली हे नशीब.

पावसात बाहेर गेलात तर एक जोडी खिशात ठेवा. बदलायला पाच मिनिटं लागतात. चालत घरी यायला किती लागतात ते मी सांगू शकतो.

२९ जून

बाहेर जाणं परवडत नाही. प्रत्येक फेरीमागे दोन तास धुण्यात जातात आणि महिन्याला पॅडची जोडी. जुना मॅग्नेटिक ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) ६,५०० ला घेतला, गॅलरीत लावला. गोटीवाल्या टायरवर पहिल्या संध्याकाळी वीस मिनिटं चालवलं आणि बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. "अहो, पिठाची गिरणी घेतली का तुम्ही?"

मी पेढे नेऊन माफी मागितली. मग ७०० बाय ३८ चा गुळगुळीत टायर, १,१००. तो २९च्या रिमवर बसतो. खाली जिमवाल्यांकडची जाड रबरी मॅट, ९००. वेळ सकाळी सात ते आठ, कारण तेव्हा काकू फिरायला गेलेल्या असतात. त्यानंतर तक्रार नाही. दोन आठवड्यांनी काकूंनीच विचारलं, "आज गिरणी बंद का?"

ट्रेनरवर पंखा हवाच, मोठा, थेट छातीवर. पावसाळ्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, शरीर तापतं आणि ठोके चढतात, जोर मात्र तेवढाच. पहिले चार दिवस मला वाटलं तब्येत ढासळली. पंखा लावला आणि त्याच जोराला ठोके १२नी खाली आले.

६ जुलै, आषाढी एकादशी

हातांसाठी नवीन उद्योग. सोसायटीच्या बागेतल्या मुलांच्या दांड्याला लोंबकळायचं. पहिल्या दिवशी ३१ सेकंद. एका चिमुरडीने मोजून सांगितलं. उपवास होता, पण साबुदाणा खिचडी खाऊन ही गत म्हणजे उपवासाला दोष देता येत नाही.

१९ ऑगस्ट

कालपासून नुसता कोसळतोय. लोकल बंद, ऑफिस घरून. गॅलरीत पाणी, म्हणून ट्रेनरही बंद. इमारतीचे चौदा मजले, दहा वेळा चढलो. उतरायला दरवेळी लिफ्ट. गुडघ्याचं कर्ज अजून फिटलेलं नाही. वॉचमनने पाचव्या फेरीला विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?"

लोंबकळणं ७० सेकंद.

७ सप्टेंबर

दहा दिवसांच्या गणपतीत वजन २.३ किलोने वाढलं. आरती, मोदक, लोकांकडे जाणं. यात सुधारणा करायचा विचार नाही. पुढच्या वर्षी वेळापत्रकात तो आठवडा आधीच हलका लिहून ठेवेन, म्हणजे अपराधी वाटणार नाही.

१४ सप्टेंबर

येऊरहून उतरताना कडेच्या शेवाळावर पुढचं चाक गेलं. कोपर सोलला आणि तो नेमका गटाराच्या पाण्यात बुडाला. घरी डेटॉलने धुऊन सोडून देणार होतो, बायकोने ओढून डॉक्टरांकडे नेलं. उघडी जखम आणि पावसाचं साचलेलं पाणी, म्हणजे लेप्टोचा धोका. त्यांनी गोळी दिली आणि दोन आठवड्यांत ताप आला तर लगेच यायला सांगितलं. ताप आला नाही. पावसाळ्यात खरचटल्यावर घरगुती शहाणपणा करू नका, एवढंच.

१२ ऑक्टोबर

ही नोंद मोठी आहे, कारण वर्षातली सगळ्यात मोठी चूक आज सापडली.

पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं, आणि मुरबाडकडे चार महिन्यांनी पहिली लांब कच्ची फेरी झाली. पाय उत्तम. पोट उत्तम. दर वीस मिनिटांनी घड्याळ वाजतं, तेव्हा घोट आणि घास: खजूर, राजगिऱ्याचा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. तीन तासांनंतर गोड नकोसं होतं, तेव्हा बटाटाच तारतो. पण दुसऱ्या मोठ्या उतारानंतर हात पुन्हा तसेच. तीन महिने लोंबकळून, आता दीड मिनिटावर येऊनसुद्धा. थांबून बोटं एकेक करून दुसऱ्या हाताने सरळ करावी लागली.

संध्याकाळी नौपाड्यात ब्रेकची तक्रार घेऊन गेलो. मेकॅनिकने ब्रेककडे पाहिलंच नाही. म्हणाला, "बसा सायकलवर. बूट, पिशवी, पाण्यासकट." मी भिंतीला हात टेकून बसलो. त्याने फोर्कच्या नळीवरची काळी रबरी रिंग खाली सरकवली, मला हळूच उतरायला सांगितलं आणि पट्टी धरली. रिंग नऊ मिलिमीटर सरकली होती.

"शंभरचा फोर्क आहे. नुसतं बसल्यावर वीस-पंचवीस बसायला पाहिजे. वजन किती तुमचं?"

"चौऱ्याहत्तर."

त्याने पंप लावला. काटा ११८ वर. "ही हवा शंभर किलोच्या माणसाची आहे."

डोंबिवलीचे गृहस्थ! त्यांनी त्यांच्या वजनाला लावून दिलेला फोर्क मी दीड वर्ष तसाच वापरत होतो. दगडावरून गेल्यावर जो धक्का फोर्कने खायचा, तो माझे तळवे खात होते. मी समजत होतो की माझ्या हातात ताकद नाही. त्याने हवा ७८ पर्यंत सोडली, रिंग २२ वर आली. मग ब्रेकचे दांडे मुठीपासून थोडे आत सरकवले, म्हणजे एकच बोट दांड्याच्या टोकावर बसतं आणि बाकी तीन मूठ धरायला मोकळी राहतात. मी आजवर दोन-दोन बोटांनी, दांड्याच्या मधोमध दाबत होतो. टायरचा दाबही ३५ वरून पुढे २२, मागे २५ पीएसआय. मजुरी १५० घेतली. मी शॉक पंप विकत घेतला, १,८००.

आपण स्वतःला दोष द्यायला इतके तयार असतो की सायकलकडे बघायचं सुचत नाही. सेकंडहँड घेतली असेल तर पहिल्या दिवशी फोर्कची हवा स्वतःच्या वजनाला लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

९ नोव्हेंबर

माळशेज चढून गाडीने ओतूरला, तिथून शर्यतीच्या पट्ट्यात ६० किलोमीटर. हात टिकले. दोन्ही उतार न थांबता.

३८व्या किलोमीटरला एक काटकी मागच्या चाकात गेली आणि डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) हँगर मोडला. हा मऊ ॲल्युमिनियमचा तुकडा फ्रेम वाचावी म्हणून मोडायलाच केलेला असतो, तेव्हा त्याच्यावर राग नाही. राग स्वतःवर, कारण सुटा हँगर जवळ नव्हता. चेन तोडून एकाच गिअरवर बांधली, ती चार किलोमीटरमध्ये वरच्या दातावर चढून आवळली. पुढे चालत. शेवटी टोमॅटोचे क्रेट नारायणगावला नेणाऱ्या पिकअपवाल्या दादांनी मागे घेतलं. पैसे घेतले नाहीत, उलट घरच्यांसाठी दोन किलो टोमॅटो दिले.

हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा, दुकानात तयार मिळत नाही. मागवला, बारा दिवस लागले. दोन मागवले, २,२००. एक फ्रेमला, एक सीटखाली टेपने चिकटवलेला. बारा दिवस गिरणी.

३० नोव्हेंबर

दोन आठवडे उरले. तास निम्मे केले, जोराचे तुकडे तेवढेच पण संख्येने कमी. अंगात नुसती खुमखुमी. अशा वेळी माणूस काहीतरी विकत घेतो. मी नवे हलके टायर कार्टमध्ये टाकून ठेवले होते, काढून टाकले. त्याऐवजी मामलेदारची मिसळ खाल्ली, मध्यम.

१४ डिसेंबर, रविवार

पहिल्या चढाला ठोके १५५ च्या वर जाऊ दिले नाहीत. निम्मी शर्यत पुढे निघून गेली, त्यात एक सत्तरीचे आजोबाही होते. बघत राहणं फार जड गेलं. ३० किलोमीटरनंतर एकेक जण परत भेटायला लागला. आजोबा नाही भेटले.

४१ला दगडाने मागच्या टायरची बाजू कापली. सीलंट फवारा मारत राहिलं, भोक बुजेना. प्लगची एक वात घातली, पुरली नाही, दुसरी तिच्या शेजारी कोंबली, हवा भरली. नऊ मिनिटं गेली. हलके टायर घातले असते तर काय झालं असतं याचा विचार पुढचा तासभर केला.

५२ची चौकी चार तास एकेचाळीस मिनिटांत, १९ मिनिटं राखून. यंदा तिथे बाटल्या नव्हत्याच, पाण्याचं पिंप आणि एक मग होता. ६३ला उजव्या पोटरीत गोळा आला, उतरून दोनशे मीटर चाललो, बटाटा खाल्ला, गेला. ६ तास ४२ मिनिटांत संपवली. माझ्यानंतर सात जण आले.

१६ डिसेंबर

सायकल धुतली. सीटची नळी काढून सायकल उलटी धरल्यावर आतून कपभर गढूळ पाणी निघालं, आणि पेडल फिरवताना खालच्या बेअरिंगमधून किरकिर येतेय. म्हणजे ते जून-जुलैपासूनचंच असणार.

अकरा महिन्यांचा खर्च, प्रवेश फी आणि जुन्नरचं राहणं-डिझेल धरून, ३५,१५० रुपये. त्यातले कॅसेटचे ५,८०० वेळेवर माप घातलं असतं तर वाचले असते, गुडघ्याचे ३,२०० डोकं थंड ठेवलं असतं तर. बेअरिंगचा भाव उद्या विचारतो. मागचा टायर गेलाय, दोन वातींवर फार दिवस चालणार नाही. काकूंना चकल्या नेऊन द्यायच्या आहेत, जानेवारीपासून गिरणी पुन्हा सुरू होतेय.